नवरंगाची शिट्टी आणि तिवारीकाकांची जीप

जबलपूरला आलेल्या पाहुण्याला आम्ही भेडाघाटचे संगमरवरी कडे दाखवतो, ग्वारीघाटावर नर्मदेत बुडी मारायला लावतो, खव्याची जिलबी खाऊ घालतो आणि परतीच्या गाडीत बसवून देतो. त्याचं जबलपूर तेवढ्यात आटोपतं. मी इथेच जन्मलो, इथल्याच फॅक्टरीत चिकटलो, तरी आजूबाजूचा मुलूख मी नीट पाहिला तो पासष्टच्या उन्हाळ्यात, एका जुन्या लष्करी जीपमध्ये, दोन रुसलेल्या म्हाताऱ्यांच्या मधोमध बसून. मे-जूनच्या उन्हात कुणी शहाणा माणूस रानात जात नाही. आम्ही एका मूठभर पाखराचा फोटो काढायला गेलो, आणि एकदा नाही, तीनदा गेलो. आमच्या पुण्याच्या सासुरवाडीला हे अजून खरं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते दोन म्हातारे कोण ते सांगायला हवं. पहिले माझे वडील, नाना. ते छोट्या लाईनवर गार्ड होते. जबलपूरहून नैनपूरकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. चढावर ती इतकी दमायची की माणसं खाली उतरून तेंदूची फळं तोडून परत डब्यात चढायची. दुसरे रामदुलारे तिवारी, त्याच गाडीचे इंजिन ड्रायव्हर. दोघांची दोस्ती अशी, की नानांचा डबा तिवारीकाकांच्या इंजिनावर गरम व्हायचा आणि तिवारीकाकांचा हुक्का नानांच्या गार्डाच्या डब्यात असायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, एका जूनच्या सकाळी, त्यांची गाडी कोहकाटोला नावाच्या हॉल्टवर थांबली. हॉल्ट म्हणजे काय, तर मुरमाचा एक पट्टा, एक पाटी आणि बाजूला नाला. गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. नवरदेवासकट सगळे बाप्ये पाणी प्यायला नाल्यावर गेले. नाना खाली उतरून, झेंडी काखेत मारून, दोन्ही हातांनी त्यांना बोलावत होते. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि तिवारीकाकांनी गाडी सोडली. नवरी पुढे गेली. नवरदेव, त्याचा मामा, ढोलवाले आणि गार्ड असे सगळे मागे मुरमावर राहिले.

चौकशी झाली. तिवारीकाका म्हणाले, गार्डानं शिट्टी दिली म्हणून गाडी सोडली. नाना म्हणाले, मी दिलीच नाही, नाल्यातल्या पाखरानं दिली. चौकशीचे साहेब म्हणे हसता हसता खुर्चीवरून घसरले. नानांना प्रवासी गाडीवरून काढून मालगाडीवर टाकलं आणि रिटायर होईपर्यंत तिथेच ठेवलं. त्याहून वाईट म्हणजे अख्ख्या रेल्वे कॉलनीत त्यांचं नाव ‘चिरैया बाबू’, म्हणजे पाखरूबाबू, पडलं. मी शाळेत जायला निघालो की पोरं मागून शिट्ट्या मारायची. त्या दिवसापासून नाना आणि तिवारीकाका एकमेकांशी बोलले नाहीत. रिटायर होऊन दोघं अधारतालला शेजारशेजारच्या गल्लीत राहायला आले, तरी नाही.

पासष्टच्या वैशाखात मोहल्ल्यात सत्यनारायण होता. तीर्थ घेता घेता कुणीतरी नानांना चिरैया बाबू म्हणालं आणि चार जण हसले. नाना तीर्थ हातात तसंच घेऊन उभे राहिले. मग पंडितजींना म्हणाले, “पंडितजी, उनसे कहिए, वो चिड़िया आज भी है।” समोरच बसलेले तिवारीकाका पंडितजींनाच म्हणाले, “तो इनसे कहिए फोटो ले आएँ। फोटो देख लूँगा तो यहीं बैठ के, सबके सामने माफी माँग लूँगा।” पंडितजींनी दोन्ही निरोप, दोघांनी ऐकलेले असतानाही, पुन्हा एकदा पोचवले.

आता नानांची घाई समजून घ्या. दसऱ्यानंतर ते नागपूरला माझ्या थोरल्या भावाकडे कायमचे जाणार होते. नवरंग हे पाखरू आमच्याकडे मेच्या शेवटी येतं, जूनमध्ये शिट्ट्या मारतं आणि पावसाळा सरला की दक्षिणेकडे निघून जातं. म्हणजे नानांच्या हातात हा एकच उन्हाळा उरला होता. नाहीतर ते चिरैया बाबू म्हणूनच जबलपूर सोडणार होते.

कॅमेरा माझ्याकडे होता. सिव्हिल लाईन्समधले एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना सामान विकून गेले, त्यातला तो घडीचा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि लढाईच्या हवेत रोल मिळणं म्हणजे देव भेटणं. त्या कॅमेऱ्यानं मी पाखरांचे पुष्कळ फोटो काढले होते. ओमतीचा स्टुडिओवाला ते धुऊन देताना दर वेळी विचारायचा, “भैया, आप खाली झाड़ की फोटो काहे खींचते हो?” मग मी पेन्सिलीनं गोल करून मसुरीच्या डाळीएवढं पाखरू त्याला दाखवायचो.

गाडी मात्र अख्ख्या अधारतालात एकच होती. लष्करानं लिलावात काढलेली जीप, आणि मालक रामदुलारे तिवारी. लग्नाच्या सीझनमध्ये ते ती भाड्यानं द्यायचे. मी भीत भीत गेलो. ते म्हणाले, “ले जाओ बेटा, मगर चलाऊँगा मैं। हम भी तो देखें कौन चिड़िया है।” अशा रीतीनं आरोपीच्याच गाडीतून, आरोपीलाच ड्रायव्हर करून, आम्ही पुरावा गोळा करायला निघालो.

डुमना

कच्छच्या रणात गोळीबार सुरू होता आणि फॅक्टरीत रात्रंदिवस काम चालू होतं. भोंगा वाजला की मोहल्ला उठायचा, भोंगा वाजला की जेवायचा. मी तपासणी खात्यात. तिथे लोखंडाचं माप असतं. वस्तू मापात बसली तर पास, नाही तर नापास, थोडीशी पास असं काही नसतं. रविवारी सुट्टी मिळवायला मला एकाशी पाळी बदलावी लागली आणि त्याच्या सासूला माझी सायकल द्यावी लागली.

पहिल्या रविवारी आम्ही जवळच, डुमन्याच्या रस्त्याला गेलो. उजाडता उजाडता निघालो. नानांच्या दोन्ही खिशांत कांदे होते, कारण आमच्या मूळ गावाकडे, विदर्भात, खिशात कांदा असला की ऊन लागत नाही म्हणतात. तिवारीकाकांनी डोक्याला ओला गमछा गुंडाळला होता. त्यांनी नानांच्या फुगलेल्या खिशांकडे पाहून मला विचारलं, “मधु बेटा, पूछो, सब्जी मंडी जा रहे हैं क्या?” नाना मला म्हणाले, “सांग त्याला, ओल्या गमछ्यानं सर्दी होते.” मी दोघांच्या मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघा लावून बसलो होतो. प्रवासभर माझं काम मराठीचं हिंदीत आणि हिंदीचं मराठीत भाषांतर करणं, दोघांनाही दोन्ही कळत असताना.

डुमन्याचं रान त्या वेळी सुरेख होतं. पळस, सालई, मधूनच बहाव्याचे पिवळे घोस. वर उन्हात चंडोल गात गात इतका उंच चढला की दिसेनासा झाला. दयाळ वारुळावर बसून शेपूट उडवत होता. एका आंब्यावर हळद्या बसला होता आणि असा मोकळा, गोड ओरडत होता की मी नवरंग विसरलो. तिवारीकाका इंजिन सुरूच ठेवून जीपमध्ये बसले होते; मी बॉनेटवर चढलो, श्वास धरला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

नानांचा हिशेब वेगळा होता. त्यांचं म्हणणं असं, की नवरंग शिट्टीला उत्तर देतो. गार्डाची जुनी पितळी शिट्टी त्यांनी सदऱ्याच्या आत गळ्यात अडकवून आणली होती, आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ती काढली आणि छाती भरून फुंकली. त्याबरोबर जीप सुरळीत, अगदी कायद्यानं, पुढे निघाली. मी मागे करवंदीच्या जाळीत राहिलो.

करवंदीला काटे असतात हे वाचकांना ठाऊक असेलच. मी ओरडत होतो, नाना हसत होते, आणि शंभर पावलांवर जीप थांबवून तिवारीकाका रागानं लाल होऊन सांगत होते, “मैं तो गाड़ी छाँव में ले रहा था।” सावली उलट दिशेला होती. नाना मला म्हणाले, “विचार त्याला, काहून निघाला? झेंडी दिली का मी?” मी कुणालाच काही विचारलं नाही, काटे काढत बसलो. पण मला एक गोष्ट कळली. ज्या माणसानं तीस वर्षं गार्डाच्या शिट्टीवर गाडी सोडली, त्याचे हातपाय आता त्याच्या हुकमात राहिलेले नव्हते.

नवरंग काही दिसला नाही. स्टुडिओवाल्यानं हळद्याचा फोटो धुऊन दिला. त्यात आभाळ होतं आणि माझी चप्पल होती.

बरेल्याच्या पुढे

दुसऱ्या रविवारी मंडल्याच्या रस्त्यानं बरेल्याच्या पुढे गेलो. तिकडे एका गावच्या अमराईत नवरंग उतरतो असं नानांना एका दूधवाल्यानं सांगितलं होतं. जाताना तिवारीकाकांनी मला बजावलं, “पिताजी से कह दो, सीटी न बजाएँ।” नाना म्हणाले, “त्याला सांग, पाय बांधून ठेव म्हणावं.”

अमराई गावाला लागून होती. आंबे पाडाला आले होते. आम्ही झाडांवर डोळे लावून हिंडलो. मान दुखायला लागली, नवरंगाचा पत्ता नाही. मी दयाळाचे दोन फोटो घेतले. शेवटी नानांना राहवलं नाही. त्यांनी शिट्टी फुंकली.

जीप हललीच, पण त्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. कारण त्या शिट्टीसरशी समोरचं सगळं गाव पालथं पडलं. विहिरीवरच्या बाया घागरी टाकून जमिनीवर निजल्या. ओट्यावरचा म्हातारा खाटेसकट खाली आला. नंतर कळलं, की फॅक्टऱ्या जवळ म्हणून तिथल्या शाळेच्या गुरुजींनी गावाला शिकवून ठेवलं होतं, शिट्टी वाजली की हवाई हल्ला समजायचं आणि पालथं पडायचं. अशी आज्ञाधारक गावं आमच्याकडेच सापडतात. पुण्यात कुणी आधी विचारलं असतं, शिट्टी कुणाच्या परवानगीनं वाजली.

विमान काही येईना. हळूहळू एकेक जण उठला, आणि उठल्यावर त्यांना दिसलं काय, तर लष्करी जीप, कॅमेरा घेतलेला एक चष्मेवाला आणि खिशात गोळ्यांसारखं काहीतरी भरलेला एक म्हातारा. दुसऱ्याच क्षणी आमच्याभोवती लाठ्या होत्या. नानांचे कांदे बाहेर काढून त्यातला एक फोडून पाहण्यात आला. मग कोटवार, म्हणजे गावचा राखणदार, आम्हाला मिरवत रस्त्यावरच्या चौकीत घेऊन गेला.

हवालदार भला माणूस होता, पण त्याला आमचं म्हणणं पटेना. “चिड़िया की फोटो?” तो म्हणाला. “आदमी की फोटो खींचने को तो रोल मिलता नहीं।” मी ऐटीत फॅक्टरीचा पास दाखवला. तिथेच चुकलो. तोफांच्या कारखान्यात काम करणारा माणूस कॅमेरा घेऊन रानात हिंडतो, हे ऐकून तो उठून उभाच राहिला. नोकरी, घर, माझ्या बायकोचं, कुसुमचं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेव्हा तिवारीकाका पुढे झाले. म्हणाले, “हवलदार साहब, इस बुड्ढे को मैं जवानी से जानता हूँ। ये आदमी झूठा है, नंबर एक का झूठा है। मगर जासूस नहीं है। इसके लिए मैं अँगूठा लगा दूँगा।” नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला म्हणाले, “त्याला सांग, मी झूठा नाही.” हवालदारानं एकदा दोघांकडे पाहिलं. त्याच्या घरी दोन भाऊ असावेत, कारण त्याला सगळं समजलं. त्यानं आम्हाला सोडलं, मातीच्या भांड्यांतून मठ्ठा पाजला, पळसाच्या पानावर चाराची, म्हणजे चारोळीची, गोड फळं दिली, आणि नानांच्या गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. “लड़ाई-वड़ाई ठंडी हो जाए, तब ले जाना,” म्हणाला.

परतताना नाना अख्ख्या रस्त्यात सदऱ्यावरून शिट्टीची रिकामी जागा चाचपत होते. मला त्यांची फार कीव आली.

कोहकाटोला

तिसऱ्या खेपेला कुसुम आमच्याबरोबर आली. ती पुण्याची, माझी बायको. “तुम्ही तिघं मिळून एक शहाणा माणूस होत नाही,” असं म्हणून तिनं डबे बांधले आणि जीपमध्ये मागे जाऊन बसली. नानांनी या वेळी ठरवूनच टाकलं होतं, की जायचं तर थेट कोहकाटोल्यालाच. शिट्टी नाही, मग पाखरू जिथे वाजलं तिथेच गाठायचं.

तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडली. पाणी कमी, खडक उघडे, आणि कडेच्या वाळूत टरबुजांचे मळे. पुढे बरगीपासून रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेला लागलो. जीप धापा टाकत होती. तिची बॅटरी मरायला टेकली होती, म्हणून तिवारीकाका इंजिन बंद करत नसत. जेवताना, गप्पा मारताना, पाणी भरताना ते सुरूच असायचं. लूचा गरम वारा सुटला होता, मोहाच्या झाडाखाली गाई माना टाकून बसल्या होत्या, आणि नानांच्या खिशात पुन्हा कांदे होते.

हॉल्टवर काही बदललं नव्हतं. तोच मुरूम, गंजलेली पाटी, खाली नाला. नाल्यात मात्र दाट सावली, कोह्याची, म्हणजे अर्जुनाची, मोठमोठी झाडं, जांभूळ, बांबू आणि गुडघाभर पाचोळा. नाना मुरमावर एका जागी जाऊन उभे राहिले आणि बूट टेकवून म्हणाले, “इथं.” तिवारीकाका इंजिन उभं राहायचं त्या बाजूला बघत होते. दोघांच्या मधलं अंतर आगगाडीएवढं होतं.

आधी जेवून घेऊ, असं कुसुम म्हणाली. तिनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा, बेसन आणि कैरीचं पन्हं आणलं होतं. तिवारीकाका मात्र परक्या घरचं ‘कच्चं’ जेवण खात नसत. त्यांच्याकडे तव्यावर भाजलेलं ते कच्चं आणि तुपात तळलेलं ते पक्कं. कुसुमला हे मानवेना. “काका, चांगल्या खरपूस भाजलेल्या आहेत हो, कच्च्या कुठे आहेत?” ती म्हणाली. त्यांनी हात जोडले, आपल्या पुऱ्या काढल्या, आणि ठेचा तेलात परतलेला असल्यामुळे पक्का ठरवून तो भरपूर घेतला. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बहू, बहुत पक्का है,” एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन पाण्याची सुरई तोंडाला लावली.

मी वर झाडांत बघत होतो. नाना वर बघत होते. दोन रविवार आम्ही हेच केलं होतं. कुसुम सतरंजी झटकायला वाकली आणि हळूच म्हणाली, “अहो, वर काय बघताय? खाली बघा.”

पाचोळ्यात, दहा-बारा हातांवर, नवरंग उड्या मारत होता. चोचीनं एकेक पान उलटून किडे वेचत होता. पाठ हिरवी, पंखावर चकचकीत निळा पट्टा, छाती गव्हाळ, शेपटीखाली कुंकवासारखं लाल, आणि डोळ्यावरून काळी पट्टी. एवढा शृंगार करून शेपूट मात्र आखूडच राहिलेलं. मी असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला हे लिहिताना लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले.

पाखरू माणसाला भितं, जीपला भीत नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. मी पाय न वाजवता जीपच्या मागच्या भागात चढलो आणि फळीवर कॅमेरा टेकवला. तिवारीकाका स्टिअरिंगवर बसलेच होते, इंजिन घुरघुरत होतं. त्यांना मी खुणेनं गप्प राहायला सांगितलं. कुसुम सतरंजी धरून जागच्या जागी थिजली होती. नाना नाल्याच्या काठावर उकिडवे बसले होते, दोन्ही हात पाण्यात, तोंडात भाकरीचा घास.

नवरंग उडाला आणि बांबूच्या वाकलेल्या फांदीवर बसला. चष्म्यातून मला त्याच्या गळ्याची पिसं दिसत होती. त्यानं छाती काढली, मान मागे टाकली आणि दोन सुरांत लांब, खणखणीत शिट्टी दिली.

जीप निघाली.

माझं बोट खटक्यावर पडलं आणि मी पन्ह्याच्या बरणीवर पडलो. जीप गाडीवाटेनं पंचवीस-तीस पावलं गेली आणि मोहाच्या झाडाशी थांबली. तिवारीकाकांनी इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर रान केवढं शांत आहे ते कळलं. मागे नवरंगानं पुन्हा शिट्टी दिली, आणि मी पाहिलं, तिवारीकाकांचा पाय पुन्हा दाबला गेला. त्यांनीही खाली आपल्या पायाकडे पाहिलं.

“सीटी तो चौकी में है न, बेटा?” त्यांनी विचारलं.

“हो काका. कुलपात आहे.”

ते उतरले. मला वाटलं, इंजिनाचा हँडल मारायला उतरले असतील. पण ते उन्हातून चालत मागे गेले. डोक्यावर गमछासुद्धा नव्हता. नाना घास तोंडात तसाच धरून उठून उभे राहिले होते. तिवारीकाका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि, मध्ये मी नसताना, म्हणाले, “गार्ड साहब, चिड़िया ही थी।”

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकल्यावर नाना काय म्हणतील, याचं मी मनात शंभर वेळा नाटक केलं होतं. नानांनी घास गिळला, मान हलवली आणि म्हणाले, “चलो, धूप चढ़ रही है।” मला अगदी चुटपुट लागली. जीप ढकलून सुरू करावी लागली. दोघं म्हातारे शेजारी शेजारी उभे राहून ढकलत होते आणि एकमेकांना “जोर लगाओ” म्हणत होते.

परत घरी

फोटो आला. बांबूच्या जागी राखाडी फराटे आणि मधोमध एक तिरका, पुसट डाग. स्टुडिओवाला म्हणाला, “भैया, इस बार तो झाड़ भी नहीं आया।” माझ्या खात्यात हा फोटो बघताक्षणी नापास झाला असता. तिवारीकाकांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, “एकदम साफ है।”

पुढच्याच पौर्णिमेला त्यांनी आपल्या घरी सत्यनारायण घातला आणि सगळ्या मोहल्ल्याला बोलावलं. आरती झाल्यावर ते उभे राहिले. तो पुसट फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला. ते म्हणाले, गाडी चिड़ियानं सोडायला लावली, गार्ड साहेबांनी नाही, आणि आजपासून कुणी त्यांना चिरैया बाबू म्हणेल तर माझ्याशी गाठ आहे. एवढ्यावर भागलं असतं. कबूल केलं होतं तेवढं झालं होतं. पण ते बसले नाहीत.

“एक बात और,” ते म्हणाले. “सीटी सुन के ड्राइवर को पीछे मुड़ के हरी झंडी देखनी पड़ती है। मैंने उस दिन देखी नहीं थी। जाँच में मैंने कहा, देखी थी। चार बच्चे छोटे-छोटे थे मेरे।” मग त्यांनी नानांच्या पायाला हात लावला. वयानं नाना त्यांच्याहून लहान. पंडितजींनी घाईघाईनं प्रसाद वाटायला घेतला.

घरी आल्यावर नाना अंगणात खाटेवर बसले. मी आणि कुसुम खुशीत होतो, मोहल्ल्यातल्या कुणाचं तोंड कसं झालं याच्या नकला करत होतो. नाना हसले नाहीत. कुसुमनं विचारलं, “नाना, आता तर सगळं झालं ना तुमच्या मनासारखं?”

“त्यानं झेंडीचं काहून सांगितलं?” नाना म्हणाले. “त्याला विचारलं होतं का कुणी?”

“चांगलंच केलं की,” मी म्हणालो.

“चांगलं केलं. म्हणून तर.” नानांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. “मधू, त्या दिवशी हात रिकामे नव्हते माझे. शिट्टी दातात धरलेली होती. आवाज झाला तेव्हा मी ओरडूनही राहिलो होतो आणि ती दातातही होती, मग फुंकली मी का नाही, मलाच समजलं नाही. पाखरू मी पाहिलंच नाही. पाखराचं मला दुपारी सुचलं, तेच सांगितलं. मग सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं. पण मालगाडीच्या डब्यात एकटा बसलो की रोज वाटायचं, तूच फुंकली असशील बे, आणि बिचाऱ्या तिवारीला इतकी वर्षं लबाड म्हणून राहिला.”

कुसुमच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. तपासणी खात्यातला माणूस मी, पण हे माझ्या मापात बसण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, “नाना, पण पाखरूच होतं. आपण पाहिलं ना सगळ्यांनी. तुम्ही खोटं बोललाच नव्हता.”

“हो,” नाना म्हणाले. “ते मला परवा त्या नाल्यावर कळलं.”

त्यांनी खाटेखालच्या चपला पायानं ओढल्या, घातल्या आणि उठले. तिवारीकाकांच्या गल्लीत अजून पंगतीची भांडी वाजत होती. मी विचारलं, “मी येऊ का बरोबर?”

“नको,” ते म्हणाले. “माझं मीच सांगतो.”